आपल्यातले किती?

गर्दीतला मॉर्मन माणूस ओळखायला लाडॉन जेपसन यांना सात सेकंद पुरत. तो पाठमोरा असेल तर दहा. हे त्यांच्या नवऱ्याने, गार्थने, हातातल्या घड्याळावर मोजलेलं होतं, आणि गार्थने हायरम गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेलं, तो आकड्यांच्या बाबतीत थापा मारत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर युटातल्या, म्हणजे मॉर्मन पंथाच्या माहेरातल्या, शाळांना चार दिवस सुट्टी लागते. मग निम्मं युटा गाडीत मावतील तेवढी पोरं कोंबतं आणि बारा बारा तास गाडी हाकत कॅलिफोर्नियातल्या त्या प्रचंड करमणूक बागेत जाऊन पोचतं. तिथे भेटतं कोण? तर उरलेलं निम्मं युटा. शेजाऱ्यांपासून चार दिवस सुटका व्हावी म्हणून एवढं लांब यायचं आणि पाळण्याच्या रांगेत पुढे तेच शेजारी उभे. आता उभेच आहेत तर मोजून तरी घ्यावेत, असा विचार जेपसनांनी केला आणि त्यातून त्यांचा खेळ निघाला. खेळाचं नाव ‘आपल्यातले’.

नियम सोपे. माणूस ओळखायचा, सहज म्हणून जवळ जायचं, आणि ‘तुम्ही मॉर्मन का?’ हे न विचारता तीन प्रश्नांत एखादी सामाईक ओळख काढून दाखवायची. चुलतभावाची सासुरवाडी, दोन वर्षं धर्मप्रचाराला गेलेले असतानाचा जोडीदार, कुणाच्या तरी लग्नात भेटलेली मावशी, काहीही चालतं. ओळख निघाली की कुटुंबातल्या दर माणशी एक गुण. चुकलात तर तीन वजा. अंगातले एकसारखे टी-शर्ट हा पुरावा धरत नाहीत, कारण त्यात पूर्वी फार फसगत झाली होती.

या खेळात ब्रिन सहा वर्षांनी उतरत होती. ब्रिन ही लाडॉनबाईंची थोरली. वय चौतीस, पोर्टलंडला पुलांचे आराखडे करायची नोकरी. सहा वर्षांपूर्वी तिने चर्च सोडलं. कुणाशी भांडण झालं नव्हतं. विश्वास उरला नव्हता आणि तो उसना आणायचा कुठून, एवढंच. आईबाबांना तिने चार पानी पत्र लिहिलं. गार्थचा फोन आला. तो थोडा रडला, आणि मग गाडीचे टायर बदललेस का म्हणून विचारायला लागला. लाडॉनबाईंकडून जर्दाळूच्या जॅमच्या सहा बाटल्या आल्या. पत्राबद्दल एक अक्षर नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गावात कुणी विचारलं की ‘ब्रिनला कामातून सवडच होत नाही हो’ हे उत्तर ठरलेलं. ब्रिनने पोर्टलंडमध्ये तीनदा घर बदललं आणि तिन्ही वेळा आठवडा उलटायच्या आत दारात दोन हसऱ्या बायका बिस्किटांचं ताट घेऊन हजर. नवा पत्ता तिथल्या चर्चला कोण कळवतं, हे शोधायला पोलीस नको होते.

ब्रिनची मागणी तशी फार मोठी नव्हती. आईला हे पटावं, आवडावं असं तिचं म्हणणंच नव्हतं. आईने एकदा, फक्त एकदा, तोंडाने म्हणावं की हो, माझी मुलगी आता चर्चमध्ये नाही. आई फोनवर जिच्याशी गोड गोड बोलायची ती कुणी दुसरीच ब्रिन होती, आणि त्या दुसरीचा या खऱ्या ब्रिनला हल्ली हेवा वाटायला लागला होता.

म्हणून ती जय्यत तयारीने आली होती. खांदे उघडे टाकणारा पिवळाधम्मक झगा, आणि हातात हा एवढा मोठा कॉफीचा कप, दोन्ही चर्चला न चालणारं. जेपसनांच्या चार पिढ्यांत कुणी कॉफी उघड्यावर धरलेली नव्हती. बागेच्या फाटकापाशी सगळे भेटले. लाडॉनबाईंनी लेकीला घट्ट मिठी मारली, दोन पावलं मागे सरकून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “स्वेटर विमानात विसरलीस ना? माझा घे गं.”

“नको आई, मला गरम होतंय.”

“आणि हॉट चॉकलेट घेतलंस ते बरं केलंस. सकाळचा गारठा असतो.”

कपावर कॉफीच्या बियांचं चित्र होतं. वास तर दोन रांगा पलीकडे जात होता.

“आई, ही कॉ—”

“चला चला, मोजा पाहू! नऊ आहोत ना आपण? एक, दोन, ए, तो चौथा कुठे गेला?”

चौथा म्हणजे डॅलिनच्या चार पोरांतला एक. डॅलिन हा ब्रिनचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. एक पोर खांद्यावर, एक पोटाशी बांधलेलं, पाठीवर पिशवी आणि दोन्ही हातांत बर्फाच्या पेट्या, अशा अवस्थेतही तो बायकोच्या, मकेलच्या, दोन पावलं पुढे चालत होता. तो ब्रिनच्या कानाशी येऊन म्हणाला, “सोड नाद. तू सिगार ओढलीस ना, तरी म्हणेल थंडीमुळे तोंडातून वाफ येतेय.”

ब्रिन हसली. पण आत कुठेतरी तिला ते लागलं. जगातल्या कुणाही परक्याला सात सेकंदांत ओळखणारी ही बाई, आणि हिला पोटची पोर ओळखायला सहा वर्षं पुरत नव्हती.

आणि तरी खेळ सुरू झाल्यावर तिला मजा वाटली नाही असं म्हणायची सोय नव्हती. लाडॉनबाई रंगात आल्या की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. बोट दाखवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्या हनुवटीने दाखवायच्या.

“ती. बारीक पट्ट्यांचा झगा, पण आतून अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. सोबतचे सहा धरा.”

“तो. शर्टाच्या गळ्याच्या आत आणखी एका गळ्याची रेघ, म्हणजे चर्चचे पवित्र आतले कपडे. आणि सकाळचे साडेनऊ वाजलेत, हातात कॉफी नाही, दीड लिटरचं थंड पेय. त्यात नारळाचं सिरप नि लिंबू असणार. पाच.”

“ते बघा, ते टक्कलवाले. बाबागाडी पायावरून गेलीय. गप्प राहा, आता बोलतील.”

सगळे जेपसन श्वास रोखून उभे राहिले. अंगठा धरून एका पायावर नाचणाऱ्या त्या धिप्पाड माणसाचा चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले, आता काय बाहेर पडतंय कोण जाणे असं वाटलं, आणि बाहेर पडलं ते “अय्या गं!”

“शिवी नाही, म्हणजे आपलेच. आठ!” लाडॉनबाई टाळी वाजवून म्हणाल्या आणि ओळख काढायला धावल्या. दुसऱ्याच प्रश्नात निघाली. त्या टकल्याच्या मेव्हण्याला डॅलिनने दाताची कवळी बसवली होती.

गार्थ बॉलपेनने स्वतःच्या हातावर गुण लिहीत होता. कोपरापर्यंत आकडे चढत गेले. मधे डॅलिनने दिवे लावले. निळ्या टी-शर्टातले सात जण बघून त्याला राहवलं नाही. गेला, हसला, कुठून आलात म्हणून विचारलं. फ्रेझ्नोहून. मग तिथल्या पीटरसनांना ओळखत असाल? त्या कुटुंबाच्या आईने प्रेमाने सांगितलं की आमचे फादर ओकॉनर सगळ्यांना ओळखतात, त्यांना विचारून बघते. आणि तिने मजेत कॉफीचा घोट घेतला.

“वजा तीन,” लाडॉनबाई म्हणाल्या. “तुला शिकवलं कुणी रे?”

“तूच!”

“शिकवलं होतं ते तू शिकला नाहीस.”

पाळण्यांच्या पलीकडे मक्याच्या लाह्यांची गाडी होती. लाह्या विकणारा माणूस चांगला दांडगा, टोंगा बेटांवरचा. त्याच्यासमोर एक काडीपैलवान, पिवळ्या केसांचा गोरा इसम उभा होता आणि दोघं टोंगन भाषेत एकमेकांना टाळ्या देत डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. ब्रिन हे सगळं सोडून आली होती, तिने आज गप्प राहायचं ठरवलं होतं, पण तोंड काही ऐकेना.

“बाबा! तो! दोन वर्षं टोंगात काढलीत त्याने. बायको ती तिकडे, ओठ हलवत पोरं मोजतेय. सहा जण!”

ती स्वतःच धावली. पहिल्याच प्रश्नात ओळख निघाली. बायकोची आत्या हायरमला पियानो शिकवायची आणि ब्रिन तिच्याकडे दोन महिने शिकून पळून गेली होती. ब्रिन नाचतच परत आली. लाडॉनबाईंनी तिला मिठीत घेऊन गरागरा फिरवलं.

“बघा! बघा माझी लेक! रक्तातच आहे हिच्या!”

ब्रिनचं हसू जरा ओसरलं. “ओळखणं रक्तात आहे, आई. बाकीचं नाही.”

“आइस्क्रीम कोणाकोणाला हवं?” लाडॉनबाईंनी खड्या आवाजात विचारलं.

नऊच्या नऊ उजवे हात वर गेले, कोपरात काटकोन, तळवा पुढे, चर्चमध्ये ठरावाला संमती देताना करतात तसे. त्यांत एक हात ब्रिनचा होता. तिने त्या हाताकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याच कुणाचा तो तिला चिकटवून दिलाय. मग तिला खुदकन हसू आलं आणि तिने पिस्त्याचं मागितलं.

जेवायची वेळ झाली. उघड्यावर मांडलेली टेबलं बहुतेक भरली होती. जेपसनांनी एक टेबल पटकावलं आणि बर्फाच्या पेटीतून घरची सँडविच काढली. बागेत विकत घेऊन खाणं लाडॉनबाईंना मान्य नव्हतं. सगळ्यांनी हात छातीशी बांधले, माना खाली घातल्या, गार्थने चार वाक्यांत देवाचे आभार मानले. शेजारच्या दोन टेबलांवरही नेमकी तीच शांतता पसरली होती. प्रार्थनेत दोन्ही डोळे मिटायचे असतात. लाडॉनबाईंनी एकच मिटला होता. समोरच्या टेबलावर उन्हाच्या टोपीखाली पांढऱ्या कुरळ्या केसांची एक चिमुकली म्हातारी होती, तिनेही एकच मिटला होता. दोघींचे उघडे डोळे एकमेकींना भिडले.

“चौदा,” लाडॉनबाई म्हणाल्या.

“नऊ,” म्हातारी त्याच क्षणी म्हणाली.

“आमेन,” गार्थ म्हणाला.

क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग म्हातारी खुर्ची मागे सारून तुरुतुरु आली. “नेल्डा हगार्ड. स्पॅनिश फोर्क. तुम्हीही खेळता?”

“खेळतो म्हणजे! एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासून.”

“आम्ही शहाऐंशी,” नेल्डाबाईंनी जरा नाराजीने कबूल केलं. “तुमच्यात चुकीला किती वजा?”

“तीन.”

“आमच्यातही तीनच. नियम कुणाकडून घेतलात?”

“आम्हीच काढले!”

“आम्हीपण!”

दोघींना इतका आनंद झाला की त्यांनी एकमेकींचे हात धरून उड्या मारल्या. सत्तरी उलटलेल्या बायका, पण त्यांना बघून दोन्हीकडची पोरंही उड्या मारायला लागली. पहिल्याच प्रश्नात ओळख निघाली. नेल्डाबाईंच्या जावेची बहीण लाडॉनबाईंच्या चुलत वहिनीच्या गल्लीत राहत होती. मग मुद्द्याचा प्रश्न आला. आज किती झाले?

“आधी तुम्ही सांगा, ताई,” लाडॉनबाई म्हणाल्या.

“छे छे, तुम्ही मोठ्या. दोन वर्षांनी मोठा तुमचा खेळ!”

पैज लावणं चर्चला मंजूर नाही, म्हणून त्यांनी त्याला देवाणघेवाण म्हटलं. हरणारीने जिंकणारीला आपली सगळ्यांत गुप्त पाककृती द्यायची. नेल्डाबाईंच्या लोण्याच्या पावांपुढे अख्खं स्पॅनिश फोर्क लोटांगण घालत होतं. आणि लाडॉनबाईंचे मयताचे बटाटे! मयतानंतरच्या जेवणाला चीज घालून भाजलेले ते बटाटे असले की हायरममध्ये लोक मेलेल्याची ओळख असो नसो, आवर्जून यायचे. तीस वर्षांत त्यांनी त्याची कृती सख्ख्या सुनेला दिली नव्हती. मकेलने हे ऐकून सँडविच खाली ठेवलं.

गार्थने बाही वर केली. “आमचे सकाळपासून एकाहत्तर. त्यात तुमचे चौदा. पंच्याऐंशी.”

नेल्डाबाईंनी कमरेच्या पिशवीतून कागद काढला. “आमचे शहात्तर. त्यात तुमचे नऊ.” त्यांचा चेहरा पडला. “पंच्याऐंशी.”

“बरोबरी!” गार्थला फार बरं वाटलं. त्याला बरोबरी आवडायची. बाकी कुणाला ती आवडलेली दिसली नाही.

ब्रिनने कॉफीचा कप टेबलावर ठेवला. इतक्या लोकांत, हसण्याखिदळण्यात, हे बोलायचं की नाही? पण आज नाही बोललं तर पुन्हा सहा वर्षं.

“नऊ नाहीत,” ती म्हणाली. “आठ. मला धरू नका. मी चर्चमध्ये नाही.”

नेल्डाबाई खळखळून हसल्या. “अगं पोरी, तुला तर मी सगळ्यांत आधी ओळखलं! आठ वाजता, त्या पहिल्या पाळण्याच्या रांगेत. आमचे हे तुझ्या शेजारून गेले. पांढरे केस, भारदस्त, कुणाही गावचे बिशप वाटतात. तू काय केलंस? हा कप चटकन पाठीमागे लपवलास. बाकीचं जग कॉफी पितं गं, पण अशी लपवून आपलीच माणसं पितात.”

ब्रिनचे कान तापले. लपवला होता खरा.

“आणि आत्ता?” नेल्डाबाई थांबायला तयार नव्हत्या. “जेवायला बसायच्या आधी तू पलीकडचं टेबल पुसलंस. तुझं नसलेलं. आणि त्या खुर्च्या बघ.”

सगळ्यांनी माना वळवल्या. रिकाम्या सहा खुर्च्या एकावर एक नीट रचून कडेला लावलेल्या होत्या. मॉर्मनांची सभा संपली की खुर्च्या रचल्याशिवाय कुणी घरी जात नाही. ब्रिनने त्या कधी रचल्या, तिला आठवेना. डॅलिन तोंडावर रुमाल धरून हलत होता.

“सवय आहे ती,” ब्रिन म्हणाली. “सवय म्हणजे विश्वास नव्हे. मी खरंच सोडलंय. आईला विचारा.”

मग तिने आईकडे पाहिलं. सगळेच पाहायला लागले.

लाडॉनबाईंनी नेहमीचं हसू चेहऱ्यावर आणलं. मान किंचित वाकडी केली. “छे हो, तसं काही नाही. आमच्या ब्रिनला कामातून सवडच हो...”

आणि त्या मधेच थांबल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. गार्थच्या दंडाकडे नजर गेली, तिथून नेल्डाबाईंच्या कागदाकडे, आणि परत दंडाकडे. शहात्तर अधिक आठ. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशीला एक कमी.

“आठ!” त्यांनी टेबलावर थाप मारली. सँडविचं उडाली. “आठच! ही नाही आपल्यात! सहा वर्षं झाली हिला सोडून!”

“अहो, पण ताई, कप लपवला...”

“लपवू दे! चार पानी पत्र आहे माझ्याकडे, हिच्या हातचं! कपाटात वरून दुसऱ्या खणात. तोंडपाठ आहे मला, म्हणून दाखवू? ‘प्रिय आई, हे वाचताना तू बसलेली असावीस.’ मी बसले नव्हते, उभी होते, ओट्यापाशी! एक रविवार गेली नाही चर्चला. एक नाही! आणि हॉट चॉकलेट कुठलं, कॉफी आहे ती! घ्या, घ्या वास! सकाळपासून तिसरा कप आहे! चौऱ्याऐंशी तुमचे. जिंकले मी! पावाची कृती काढा!”

आजूबाजूच्या सहा टेबलांवरची युटाची माणसं घास हातात धरून बघत होती. कुठेतरी एक थंड पेयाचा कप पालथा झाला. लाडॉनबाईंचा हात हवेत होता, विजयाची मूठ वळलेली. हळूहळू त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण ती मूठ उघडली आणि सावकाश तोंडावर गेली.

तोंडपाठ. आईला पत्र तोंडपाठ होतं. सहा वर्षं ब्रिनने मनात शंभरदा हा प्रसंग रंगवला होता, त्यात कधी आई रडायची, कधी ती स्वतः. एका गुणासाठी, बटाट्यांच्या अब्रूसाठी, भर दुपारी टेबल बडवून आई हे बोलेल असं तिला स्वप्नातही आलं नव्हतं. तिच्या पोटातून हसू उसळलं. ते आवरेना. ती टेबलावर डोकं टेकून हसली, हसता हसता रडली, पुन्हा हसली. डॅलिनला लागण झाली, मग मकेलला, मग पोरांना, ज्यांना काहीच कळलं नव्हतं.

नेल्डाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या लाडॉनबाईंकडे एकटक पाहत होत्या. मग त्यांनी आपल्या दोन टेबलांकडे पाहिलं, तिथे कोपऱ्यात बसलेल्या चाळिशीच्या एका लालसर दाढीवाल्याकडे पाहिलं, आणि खाकरल्या.

“मग माझेही चौदा नाहीत,” त्या म्हणाल्या. “बारा धरा.”

दाढीवाल्याला ठसका लागला. “आई!”

“तीन वर्षं झाली, रस्टी. रविवारी सकाळी मी चर्चला जाताना तुझी बोट दारात असते आणि परत येताना ती ओली असते. शांतपणे विचार करून सांग, मी आंधळी आहे का?”

“तू तर सगळ्यांना सांगतेस की आम्ही दुसऱ्या गावच्या चर्चला जातो!”

“सांगते. आता नाही सांगणार. ही बाई सांगू शकते तर मला काय झालंय?” नेल्डाबाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “मासे तरी मिळतात का रे?”

“कधीकधी,” रस्टी म्हणाला. त्याच्या बायकोने तोंड फिरवून डोळे टिपले.

गार्थ एव्हाना दंडावरचा आकडा खोडून नवा लिहीत होता. “एकाहत्तर अधिक बारा. त्र्याऐंशी.” त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. “नेल्डाताई चौऱ्याऐंशी. लाडॉन, तू हरलीस.”

“काय?”

“एका गुणाने.”

लाडॉनबाई ताडकन वळल्या. त्यांनी आपल्या माणसांवरून नजर फिरवली, आणखी कुणी सोडलंय का म्हणून एकेकाला चाचपत, आणि ती गार्थवर येऊन ठरली.

“माझ्याकडे बघू नकोस,” गार्थ घाईघाईने म्हणाला. “मी मागच्या बाकावर झोपतो, पण जातो!”

मयताच्या बटाट्यांची कृती अखेर एका कागदी रुमालावर उतरली. लाडॉनबाईंनी ती लिहिताना हाताचा आडोसा केला होता, तरी मकेल मान लांब करून बघत होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना इतकी लांबलचक मिठी मारली की मधे गार्थने घड्याळ बघून घेतलं. जाताना नेल्डाबाई म्हणाल्या, “रडीचा डाव खेळलात. पण फार बरं वाटलं हो, ताई.”

जेवणं आटोपल्यावर डॅलिन सगळ्यांना घेऊन पाण्याच्या घसरगुंडीकडे गेला. लाडॉनबाई येत नाही म्हणाल्या. ब्रिनही थांबली. मायलेकी झाडाखालच्या बाकावर बसल्या. समोरून एक कुटुंब गेलं, पुढे आई, मागे सहा पोरं, शेवटी बाबागाडीवाला बाप. सहज आठ गुण. लाडॉनबाईंनी बघितलंसुद्धा नाही.

“मी काय बोलून बसले,” त्या म्हणाल्या.

“खरं बोललीस.”

“आणि वर हरले.” त्यांनी नाक पुसलं. “मला वाटायचं, मी बोलले नाही तर ते झालेलंच नाही. मूर्खासारखं. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, काही विचारावंसं वाटलं तर विचार. मी रोज वाचायचे आणि जॅम करायला घ्यायचे.”

“मी सगळे जॅम खाल्ले, आई.”

“खाल्लेस ना? बरं केलंस.” काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि परत उघडलं. “मग आता विचारते. रविवारी तू काय करतेस?”

ब्रिनने आईकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ब्रिनने सगळ्यांत सोप्या गोष्टीपासून सुरुवात केली.

“नऊपर्यंत झोपते.”

“नऊ!” वीस-पंचवीस वर्षं रविवारी पहाटे उठून ओल्या केसांची पोरं नऊच्या प्रार्थनेला हाकत नेलेल्या लाडॉनबाई ताठ बसल्या.

“मग बाजारात जाते. अळंबी आणते. नदीच्या कडेने चालते, तासभर. दुपारी एक मैत्रीण येते, आम्ही सूप करतो आणि—”

“थांब, थांब.” लाडॉनबाईंनी चपला काढल्या, पाय बाकावर घेतले आणि लेकीच्या कुशीशी सरकून बसल्या. “सूप नंतर. आधी ते नऊपर्यंतचं नीट सांग. गजर लावतच नाहीस?”